आक्का आणि वाकलेली माणसं

आक्काच्या शेजारच्या वैशालीचा फोन आला तेव्हा मी शेपू निवडत होते. “मावशी, तुम्ही जरा येता का इकडं...” एवढंच ती म्हणाली, आणि तिच्या त्या ‘जरा’वरूनच मला सगळं कळलं. आदल्या दिवशी मी आक्काकडं गेले होते आणि आम्ही कडाकडा भांडलो होतो. कारण काय, तर बाईसाहेबांनी रक्तदाबाची गोळी उशीखाली लपवली होती आणि घेतली म्हणून सांगत होत्या. अठ्ठ्याऐंशी वर्षांची बाई आणि वागणं बालवाडीतलं! तणतणत निघाले, चपला घातल्या, फाटकाशी पोचते तोच आतून हाक आली, “पुष्पे, उद्या येताना शेपूची जुडी आण. कवळी बघून घे, नायतर आणशील दांडे!” तीच जुडी माझ्या मांडीवर होती. पुढं तिचं काय झालं, कुणी उचलली, मला आठवत नाही... मला एवढंच आठवतं की रिक्षात बसल्यावर हाताला शेपूचा वास येत होता आणि मी त्या वासावरच चिडले होते.

आक्का गेली त्याला आता दीड महिना झाला. मधे शाळेच्या माजी विद्यार्थिनींनी शोकसभा ठेवली. चांगली झाली, खोटं कशाला बोलू. पण जो उठेल तो एकच म्हणत होता, “बाई फार करारी. आयुष्यभर कुणापुढं वाकल्या नाहीत.” मी पहिल्या रांगेत बसून नुसती चुळबुळत होते. अहो, जिचा सगळा जन्म वाकलेल्या माणसांची बाजू घेण्यात गेला, तिला तुम्ही हे काय चिकटवताय? आक्का असती तर उठून म्हणाली असती, “खाली बसा. उत्तर चूक आहे.” ती नाही, म्हणून हे मी लिहितेय.

सुमनआक्का माझी चुलत बहीण, माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठी. सिल्लोडकडचं आमचं गाव सोडून मी शिकायला औरंगाबादला आले ती औरंगपुऱ्यातल्या तिच्या दोन खोल्यांत. मुलींच्या शाळेत ती इतिहास शिकवायची आणि मी त्याच शाळेत. म्हणजे मी तिची बहीणही आणि विद्यार्थिनीही, बोलणी दोन्हीकडून. ती इतिहास का शिकवायची, हे कळायला मात्र आबांची गोष्ट सांगावी लागते. आबा म्हणजे तिचे वडील, माझे थोरले काका. गावची पाटीलकी त्यांच्याकडं होती.

निजामाच्या अमलात आमच्या भागात एक रीत होती. नवा तहसीलदार गावात आला की पाटलानं पुढं व्हायचं, धुतलेला पांढरा रुमाल दोन्ही तळहातांवर पसरायचा, त्यावर चांदीचा एक रुपया ठेवायचा आणि कमरेत वाकून तो साहेबासमोर धरायचा. साहेबानं रुपयाला नुसतं बोट लावायचं, मान हलवायची, की झालं. रुपया पुन्हा पाटलाच्या खिशात. ह्याला नजराणा म्हणत. त्यात रुपयाचं काहीच नव्हतं, सगळं वाकण्यात होतं. ‘तुम्ही धनी, आम्ही तुमचे’ हे तोंडानं न बोलता सांगायची ती सोय. आबांनी ती त्यांच्या वडिलांकडून घेतली, वडिलांनी आजोबांकडून. कुणाला त्यात कमीपणा वाटत नसे. आपण देवापुढं नारळ ठेवतो त्यातलाच प्रकार.

मग अठ्ठेचाळीस साली पोलीस ॲक्शन झाली. हिंदुस्थानची फौज आली आणि बघता बघता निजामाचं राज्य संपलं. रझाकारांच्या, म्हणजे निजामाच्या बाजूच्या हत्यारी टोळ्यांच्या, जाचानं पिचलेल्या आमच्या गावात आनंदाला पारावार नव्हता, आणि त्याच गावात काही मुसलमान घरांना आतून कड्या लागल्या होत्या, हेही तितकंच खरं. सिल्लोडला फौजेची छावणी पडली. आबांनी सकाळी बैलांची दमणी जुंपायला सांगितली, फेटा बांधला, धुतलेला रुमाल घेतला आणि नव्या सरकारला नजराणा द्यायला निघाले. मागून तमाशा बघायला गावातली दोन-चार गाड्या भरून माणसंही गेली.

छावणीत एक तरुण अधिकारी होता, कुठल्या लांबच्या मुलखातला. त्याला ना मराठी येत होतं ना इथली रीत माहीत. त्यानं काय पाहिलं? एक फेटेवाला माणूस वाकलाय आणि हातात रुपया धरून उभा आहे. तो भडकला. “रिश्वत देता है?” म्हणून त्यानं आबांच्या हातावर छडी हाणली. रुपया उडाला, रुमाल मातीत पडला. आबांची वाचाच बसली. ‘साहेब, ही रीत आहे, तुम्ही नुसतं बोट लावा’ एवढं साधं वाक्य त्यांच्या तोंडून फुटेना. हर्सूलच्या तुरुंगात न्यायला जे संशयित गोळा केले होते, त्यांच्या रांगेत त्यांना उन्हात उकिडवं बसवलं आणि दिवस कलल्यावर सोडून दिलं. मागून गेलेलं गाव हसत हसत आधीच परत आलं होतं. पाटील नव्या सरकारला पहिल्याच दिवशी लाच द्यायला गेले... घ्या! त्या दिवसापासून आबांचं नाव पडलं रुमालराव आणि आमच्या घराला म्हणायला लागले रुमाल्यांचं घर.

आबा का गेले होते? ह्यावर दोन पक्ष होते. गाव म्हणायचं, आपली जमीन आणि पाटीलकी वाचवायला गेले, दुसरं काय! आमच्या घरात म्हणायचे, फौजेनं गावाला त्रास देऊ नये म्हणून ते गावासाठी गेले. खुद्द आबा काहीच म्हणाले नाहीत. परकरातली आक्का त्या संध्याकाळी दारात त्यांची वाट बघत उभी होती. आबा आले, पाय धुतले, तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि आत गेले. पुढं काही वर्षांनी वारले, तेही तोंड मिटूनच. “एक वाक्य सांगितलं असतं गं,” आक्का म्हणायची, “कसलंही. मी मान्य केलं असतं.”

आबा हयात असताना तिला बघायला एक स्थळ आलं होतं. मुलगा बरा होता म्हणे, पण मुलाचे मामा एक नंबरचे टवाळ. पोहे खाता खाता ते आबांना म्हणाले, “काय पाटील, हुंडा बी रुमालावरच देनार का?” बैठक खदखदून हसली. आबाही हसले, केविलवाणं. आक्का उठली, मामांच्या हातातली ताटली काढून घेतली आणि म्हणाली, “हे पोहे नजराण्याचे हायेत. तुमचं बोट लागलं नव्हं? मग झालं तर. आता परत द्या.” लग्न अर्थातच मोडलं. पुढं तिनं ते केलंच नाही. शिकली, नोकरीला लागली. मी एकदा विचारलं, पस्तावलीस का? तर म्हणाली, “मुलाचा नाय पस्तावा. पोहे चांगले झाले होते, ते वाया गेले.”

तिचा वर्गातला पहिला तास कधी बदलला नाही. फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहायची, ‘बळी तो कान पिळी’. मग हातातला खडू टेबलावर ठेवून विचारायची, “ही म्हण कुणी केली असंल? ज्यानं कान पिळला त्यानं, का ज्याचा पिळला गेला त्यानं?” आम्ही बावळटासारख्या एकमेकींकडं बघायचो. “पिळणाऱ्याला म्हण कशाला लागतीय?” ती म्हणायची. “म्हणजे जगाचा इतिहास कुणी सांगायला पाहिजे?” आणि मग वर्षभर ती तोच इतिहास सांगायची. तिच्या शिकवण्यात सम्राट कमी आणि मांडलिक जास्त; म्हणजे मोठ्या राज्याला खंडणी देऊन आपलं चिमूटभर राज्य कसंबसं राखणारे छोटे राजे. पुस्तकात ज्यांना अर्धी ओळ, त्यांना आक्काच्या तासाला अख्खा आठवडा. ग्रीस देशातल्या एका चिमुकल्या बेटाची गोष्ट ती सांगायची. बलाढ्य शहराचं आरमार येऊन उभं राहिलं आणि म्हणालं, शरण या. बेटावरचे लोक न्यायाच्या गोष्टी बोलायला लागले. आरमारवाले म्हणाले, न्याय बरोबरीच्या लोकांत असतो, तुमच्या-आमच्यात नाही. बेटानं ऐकलं नाही, आणि मग तिथले पुरुष मारले गेले, बायका-मुलं विकली गेली. आक्का हे सांगताना आवाज चढवत नसे. शेवटी नुसतं विचारायची, “त्या बेटावर कुणीतरी म्हणालं असंल का, की बाबांनो, वाकूया? आणि त्याला बाकीच्यांनी काय नाव ठेवलं असंल?” वर्गात ते फक्त मला कळायचं. मी डोळे खाली घालून बसायचे.

निजामाचा धडा आला की ती मुलींना ओळीनं उभं करायची. पहिली मुलगी गावकरी, दुसरी पाटील, तिसरी तहसीलदार, चौथी सुभेदार, पाचवी खुद्द निजाम. प्रत्येकीनं पुढचीला वाकायचं. पाचवी मोठ्या ऐटीत ताठ उभी. “अन् तू?” आक्का तिला विचारायची. “मी निजाम, बाई.” “वाक. तुझ्यापुढं इंग्रजांचा रेसिडेंट उभा हाय.” मग सहावी पुढं यायची, तीही वाकलेली, कारण रेसिडेंटला विलायतेहून हुकूम. “आता ह्यातलं ताठ कोण ते दाखवा मला,” आक्का म्हणायची, आणि वर्गभर हशा पिकायचा, कारण सगळ्याजणी ओणव्या! निजामाच्या आधी मोगल, मोगलांच्या आधी नगरची शाही, त्याआधी दिल्लीचे सुलतान. आमचा मुलूख असा, की ज्याच्या हाती काठी त्यानं यावं आणि वाकवून जावं.

दरवर्षी सहल दौलताबादला ठरलेली. किल्ल्यावर चढून आम्ही धापा टाकत बसलो की ती यादवांची गोष्ट काढायची. दिल्लीची फौज आली, देवगिरीचा राजा हरला, खंडणी कबूल करून मांडलिक झाला आणि तसाच जगला. त्याच्यामागं जावयानं बंड केलं. पकडला गेला आणि त्याची जिवंतपणी कातडी सोलली. “बरोबर कोण, सासरा का जावई?” सगळ्या मुली एका सुरात, “जावई, बाई!” आक्का खाली बोट दाखवायची. “ती घरं दिसतात? तवाही तिथं घरं असतील. त्यातल्या एखाद्या बाईला विचारलं असतं, तर ती काय म्हणाली असती?” एकदा एक धीट मुलगी म्हणाली, “बाई, ती म्हणाली असती, दोघंबी जाऊ द्या, आमची ज्वारी जाळू नका.” आक्का तिच्याकडं बघतच राहिली. खाली उतरल्यावर तिला स्वतःच्या पैशानं उसाचा रस पाजला. आम्हाला नाही.

घरीही हेच. झेकोस्लोव्हाकियात रशियाचे रणगाडे शिरल्याची बातमी रेडिओवर लागली तेव्हा ती पोळ्या लाटत होती. लाटणं ठेवून तिनं ॲटलास काढला, पिठाच्या बोटानं तो देश शोधला आणि म्हणाली, “केवढासाय गं हा! पुष्पे, तिथंही आज कुणीतरी रुमाल घेऊन निघालं असंल बघ.” मी म्हटलं, आधी तव्यावरची पोळी बघ, कोळसा झालाय. त्या ॲटलासमध्ये सगळे अडलेले-नडलेले देश पिठानं, तेलानं, हळदीनं माखलेले होते. जगात कुठंही मोठ्या देशानं लहानाची मानगूट धरली की आमच्याकडची भाजी करपायचीच.

आणि एकदा तिच्यावरच वेळ आली. परीक्षेत तिनं प्रश्न घातला होता, ‘तुम्ही एका छोट्या राज्याचे प्रधान आहात. सम्राटाचा खंडणीचा निरोप आला आहे. राजाला काय सल्ला द्याल?’ शहरातल्या एका बड्या आसामीच्या मुलीनं लिहिलं, ‘रक्ताच्या शेवटच्या थेंबापर्यंत लढू.’ आक्कानं लाल शाईनं शेरा मारला, ‘कुणाच्या रक्ताच्या?’ आणि गुण दिले दोन. झालं! वडील थेट संस्थेच्या अध्यक्षांकडं. बाई मुलींना भित्रेपणा शिकवतात म्हणे. अध्यक्षांनी बोलावून घेतलं, माफी मागा नाहीतर घरी बसा. शाळेतल्या सगळ्या बायका कान टवकारून बसल्या होत्या की आता आक्का त्यांना कशी झाडते. आक्का आत गेली, हात जोडले, “चुकलं साहेब” म्हणाली आणि बाहेर आली. तिच्या त्या पगारावर तिची आई आणि मी, दोघी जगत होतो.

घरी येऊन ती पाटावर बसली. मग म्हणाली, “हात जोडले तवा माझ्या मनात कोण होतं? आई होती, तू होतीस. मग आबांच्या मनात कोण होतं गं?” त्या दिवसापासून तिनं मनाशी पक्कं केलं, की आबा कुणासाठी तरीच वाकले असणार. गावासाठी म्हणा, कड्या लागलेल्या घरांसाठी म्हणा. एवढं एकदा सिद्ध झालं की रुमालराव हे नाव पुसलं जाणार होतं. (पुढच्या वर्षी तोच प्रश्न तिनं पुन्हा घातला, फक्त सम्राटाऐवजी ‘बलाढ्य शेजारी’ लिहिलं. माफी मागितली होती, प्रश्न मागं घेतो असं कुठं म्हटलं होतं?)

विचारायला माणूस होता. त्या दिवशी आबांची दमणी हाकणारा हुसेनचाचा सिल्लोडला राहत होता. पण आक्का त्याच्याकडं जाईना. इतकी वर्षं! आज पाय दुखतो, उद्या पेपर तपासायचेत, परवा ऊन लई. एरवी वाघासारखी बाई, ह्या एका बाबतीत शेळी. मला तिचं मन दिसत होतं. न विचारता ती जे धरून बसली होती, ते विचारल्यावर हातून गेलं असतं तर? शेवटी ऐंशी ओलांडल्यावर कुणीतरी सांगितलं, चाचानं अंथरूण धरलंय. दुसऱ्या दिवशी सकाळीच साडी बदलून तयार. “चल पुष्पे. आता नाय गेले तर कधीच नाय.” एसटीत खिडकीशी बसली. हर्सूलचा तुरुंग मागं पडेपर्यंत तिनं त्या भिंतीवरची नजर काढली नाही.

हुसेनचाचा खाटेवर होता, नजर मंद झालेली, पण डोकं खणखणीत. “कौन? पाटलाची सुमी? या अल्ला... बैस बेटी, बैस.” सुनेनं चहा आणला. आक्कानं कप हातात घेतला नाही. म्हणाली, “चाचा, आबा त्या दिवशी छावणीवर कशासाठी गेले होते?”

चाचानं मान तिच्याकडं वळवली. मग म्हणाला, “तू जे ऐकायला आलीस ते बोलू, का सच बोलू?”

“सच.”

“डरे हुए थे, बेटी. जमीन जाईल, ये डर. रझाकारांनी त्यांच्याकडनं धान्य उचललं होतं, ते कुणी वाकडं करून सांगितलं तर गोळी बसंल, ये भी डर. बस. गावाचं नाव रस्ताभर काढलं नाय.”

आक्काचा चेहरा मला बघवेना. तरी ती हटेना. “पण तुम्हाला खाली उतरू दिलं नाय ना त्यांनी? आई सांगायची. तू गाडीतच बस म्हणाले, म्हणजे तुम्हाला वाचवायला...”

चाचा हसला. बोळक्या तोंडानं, अगदी मायेनं हसला. “नाय गं पोरी. बैलं कोण धरणार? नवी खोंडं होती, बंदुका बघून बिथरली होती.”

मलाही हसू फुटलं, आणि लगेच रडूही. मग चाचा आपणहून म्हणाला, “येताना लई वेळ गप होते. नदी उतरलो तवा मला म्हणाले, हुसेन, सुमी दारात उभी असंल. तिला काय सांगू?... मैं क्या बोलता? मी खुदच थरथरत होतो. त्या दिवशी सगळेच भ्याले होते, बेटी. तुझा बाप दिसला, बाकीचे दिसले नाय. एवढंच.”

आक्का चाचाचा हात धरून रडली. इतकी मोठ्यानं, की सून आतून धावत आली. तिला रडताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं, अगदी आबा गेले तेव्हाही ती रडली नव्हती असं माझी आई सांगायची. परतीच्या बसमध्ये फुलंब्री मागं पडली. मग माझ्याकडं न बघता म्हणाली, “जन्मभर मी वकिली करत बसले, पुष्पे. अन् आशिलाचं म्हणणं एवढंच होतं, की मी घाबरलो.” आणि थोड्या वेळानं, “घाबरलेल्या माणसाला जवळ घ्यायला त्यानं दुसऱ्यासाठी काही केलेलंच पाहिजे का गं? तो नुसता घाबरला असला तर चालत नाय का?” मी म्हटलं, चालतं. तिनं माझ्या खांद्यावर डोकं टेकलं आणि घर येईपर्यंत झोपली.

ह्यानंतरच्या सतरा सप्टेंबरची गोष्ट. मुक्तिसंग्राम दिनाला सिडकोत, आक्का निवृत्तीनंतर जिथं राहायला गेली त्या कॉलनीत, झेंडावंदन असतं आणि मग भाषणं. आता त्या कॉलनीचं एक आहे, इथं झाडून सगळ्यांचे आजोबा स्वातंत्र्यसैनिक. एकानं पूल उडवला, दुसऱ्यानं ठाणं लुटलं, तिसरा जंगलात राहिला. मी एकदा आक्काला म्हटलं होतं, इतके सगळे लढत होते तर रझाकारांची हिंमत झाली कशी? खरे लढणारे होते, त्यांना माझा दंडवत. पण त्यांची संख्या दरवर्षी वाढत जाते त्याला काय म्हणावं? तर त्या वर्षी सगळ्यात ज्येष्ठ म्हणून झेंडा आक्काच्या हातून फडकवला आणि तिला दोन शब्द बोलायला सांगितलं.

ती माईकपाशी उभी राहिली, काठी टेकून. म्हणाली, “ज्यांनी लढून आपल्याला सोडवलं त्यांना नमस्कार. माझे वडील लढले नाहीत. ते घाबरले होते. आधी रझाकारांना घाबरले, मग फौजेला घाबरले आणि दोघांपुढंही वाकले. गावानं त्यांना रुमालराव नाव ठेवलं. ते माझे वडील होते आणि ते फार चांगले होते. मोठी राज्यं येतात-जातात, त्यांच्या पायाखाली बहुतेक माणसं अशीच असतात. त्यांची आठवण काढायला कुठला दिवस नसतो, म्हणून मी आज काढली.” आणि ती खाली बसली.

टाळी वाजली नाही. संयोजकानं घाईघाईनं गाणं लावायला सांगितलं, पण पोराला बटण सापडेना. तेवढ्यात मागच्या खुर्चीतले जोशीकाका उठले. एरवी तोंडात मूग धरून बसणारे. म्हणाले, “आमचे वडील निजामाच्या कचेरीत कारकून होते. ॲक्शन झाल्यावर त्यांनी घरातली सगळी उर्दू पुस्तकं विहिरीत टाकली. स्वतः शिकलेली, जीव लावलेली पुस्तकं. भीतीनं... मी आजवर सांगितलं नाही कुणाला.” मग वाळूजच्या कंपनीतला, रात्रपाळी करून थेट बसमधून उतरलेला वैशालीचा नवरा म्हणाला, “आमचा आजा कडब्याच्या गंजीत लपला व्हता म्हणं. घरात मात्र सांगतेत, लढला!” लोक हसले, पण ते हसणं वेगळं होतं. त्या दिवशी जिलेबी खाताना माणसं भलत्याच मोकळेपणानं बोलत होती.

त्यानंतर आक्काच्या पुढच्या खोलीत संध्याकाळी माणसं यायला लागली. कुणी बोलावलं नव्हतं. कुणी कॉलनीतलं, कुणी कुणाच्या ओळखीनं. एक हिंदू घरातली म्हातारी आली, जिच्या आईला गाव सोडून पळताना पाठीमागं राहिलेल्या म्हशीचंच वाईट वाटत राहिलं होतं. जुन्या शहरातले एक खानसाहेब आले, ज्यांचे वडील वर्षभर उंबऱ्याबाहेर पडले नव्हते. आक्का सगळ्यांचं ऐकायची. मधे प्रश्न विचारायची नाही, शेरा मारायची नाही. शाळेतली बाई कुठं गेली होती कोण जाणे. ती फक्त म्हणायची, “व्हय. मग?” आणि चहा मी करायचा, हे गृहीतच.

आता त्या खोलीची किल्ली माझ्याकडं आहे. आठवड्यातून दोनदा जाऊन मी खिडक्या उघडते, झाडून घेते, आक्काच्या खुर्चीवर बसते आणि तिला मनातल्या मनात दोन शिव्या घालते, गोळी लपवल्याबद्दल. परवा अशीच बसले असताना दारात एक पस्तिशीची बाई उभी. सिल्लोडहून आली होती, खांद्याला पिशवी, ओढणी नीट करत म्हणाली, “आक्का इथंच राहतात ना? त्यांच्याकडं येऊन सांगता येतं, असं आमच्यात कुणीतरी म्हणालं.”

मी सांगितलं, आक्का गेल्या, दीड महिना झाला. तिचा चेहरा पडला. वळली, दोन पायऱ्या उतरली, थांबली, पुन्हा वर आली.

“मग तुम्हाला सांगू का? आमच्या नानीबद्दल सांगायचं होतं.” मग जरा ओशाळून म्हणाली, “पण त्यांनी काही बहादुरी-बिहादुरी केली नाय हं. त्या नुसत्या भ्याल्या होत्या. चालंल?”

आक्काची खुर्ची मी तिच्यापुढं सरकवली.

“चालंल,” म्हटलं, “बैस.”